के. सुब्रह्मण्यम : तमिळ बोलपटाची घडी बसविणारे निर्माते

कुंभकोणम (तमिळनाडू) : तमिळ बोलपटाच्या पहिल्या दशकातील निर्माते, दिग्दर्शक आणि स्टुडिओ-संस्थापक के. सुब्रह्मण्यम (२० एप्रिल १९०४ – ७ एप्रिल १९७१) यांचे नाव दक्षिणेतील चित्रव्यवसायाच्या इतिहासात दोन कारणांनी घेतले जाते. ‘बालयोगिनी’, ‘सेवासदनम्’ आणि ‘त्यागभूमी’ या तीन चित्रपटांनी त्यांनी तमिळ पडद्यावर सामाजिक प्रश्न आणला, हे पहिले कारण. चित्रपट मद्रासमध्येच तयार व्हावेत, त्यासाठी तेथे स्टुडिओ असावा, निर्मात्यांची आणि कलावंतांची संघटना असावी, असा आग्रह धरून त्यांनी त्या त्या संस्था उभ्या करण्यात पुढाकार घेतला, हे दुसरे. यांपैकी चित्रपटांची कीर्ती त्यांच्या नावावर राहिली; स्टुडिओ मात्र दुसऱ्याच्या नावाने प्रसिद्ध झाला.

सुब्रह्मण्यम यांचा जन्म तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील पापनाशम येथे झाला. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हे गाव तंजावर-कुंभकोणम लोहमार्गावर, कुंभकोणमच्या अलीकडे लागते. कुंभकोणमच्या दुसऱ्या बाजूस तिरुवारूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाचियारकोविल आहे. तेथील विष्णुमंदिरातील पाषाणाचा गरुड आणि कम्माळर कारागिरांनी ओतलेल्या, माथ्यावर हंस असलेल्या पितळी समया दक्षिणेत सर्वत्र परिचित आहेत. भाताची शेते, मंदिरांची गोपुरे, अग्रहारातील ब्राह्मण घरांच्या ओळी आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्या अशी या मुलखाची रचना होती. या सर्वांचे केंद्र कुंभकोणम. दर १२ वर्षांनी भरणाऱ्या महामहम उत्सवाचे हे क्षेत्र, शंकराचार्यांच्या कामकोटी पीठाचे दीर्घकाळचे वास्तव्यस्थान आणि गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन ज्या गावात शिकले ते गाव. इंग्रजी शिक्षण आणि सनातन आचार दोन्ही येथे एकाच गल्लीत नांदत असत. सुब्रह्मण्यम यांचे चित्रपट समजून घेण्यासाठी ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते, कारण त्यांच्या कथांतील संघर्ष याच गल्ल्यांतून उचललेला आहे.

मराठी वाचकाला हा प्रदेश अगदीच परका नाही. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतल्यापासून १८५५ पर्यंत येथे भोसल्यांची सत्ता होती. मराठी कीर्तनाच्या धर्तीवर तंजावर कृष्ण भागवतर यांनी हरिकथेला नवे रूप दिले, तर तंजावरच्या मराठी भाषक गोविंदस्वामी राव यांच्या नाटक मंडळीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तमिळ व्यावसायिक रंगभूमीला चालना दिली. पहिले तमिळ बोलपट याच हरिकथेतून आणि संगीत नाटकांतून निघाले, आणि सुब्रह्मण्यम यांची सुरुवातही तेथूनच झाली.

वकिलीतून चित्रपटाकडे

सुब्रह्मण्यम यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि काही काळ वकिली केली. मूकपटांच्या अखेरच्या दिवसांत ते मद्रासमध्ये राजा सँडो यांच्या संपर्कात आले. राजा सँडो हे तमिळ नट मुंबईच्या मूकपटांत नाव मिळवून दक्षिणेत परतले होते आणि तेथे दिग्दर्शन करीत होते. सुब्रह्मण्यम यांनी त्यांच्यासाठी पटकथालेखनाचे काम केले. पडद्यावरील कथनाची त्यांची उमेदवारी ही एवढीच.

१९३१ मध्ये बोलपट आला तेव्हा दक्षिणेत ध्वनिमुद्रणाची सोय असलेला एकही स्टुडिओ नव्हता. ‘कालिदास’ हा पहिला तमिळ बोलपट मुंबईच्या इंपीरियल कंपनीत तयार झाला. त्यानंतरची काही वर्षे तमिळ आणि तेलुगू चित्रपटांची नटमंडळी, वादक आणि लेखक आगगाडीने मुंबईला किंवा कलकत्त्याला जात, तेथे भाड्याने स्टुडिओ घेत आणि भाषा न जाणणाऱ्या तंत्रज्ञांच्या साह्याने चित्रपट पुरा करून परत येत. ‘प्रभात’ कंपनीनेही १९३४ मध्ये ‘सीता कल्याणम्’ हा तमिळ बोलपट काढला होता. त्याच वर्षी ए. नारायणन यांनी मद्रासमध्ये पहिला ध्वनिमुद्रण स्टुडिओ सुरू केला आणि चित्र बदलू लागले.

सुब्रह्मण्यम यांनी दिग्दर्शित केलेला पहिला बोलपट ‘पवळक्कोडी’ हा १९३४ चाच. एम. के. त्यागराज भागवतर आणि एस. डी. सुब्बुलक्ष्मी या जोडीचे हे संगीत नाटक रंगभूमीवर गाजलेले होते. तीच जोडी घेऊन, तीच गाणी ठेवून ते पडद्यावर आणण्यात आले. त्या वेळची मद्रासमधील चित्रीकरणाची साधने अगदी तुटपुंजी होती. उन्हाच्या प्रकाशात, उघड्यावर काम चाले. ढग आला की काम थांबे, आणि कावळ्यांचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून त्यांना हाकलण्यासाठी खास माणूस ठेवावा लागे. या चित्रपटाने भागवतर यांना तमिळ पडद्यावरील पहिले मोठे गायक-नट केले. नायिका सुब्बुलक्ष्मी पुढे सुब्रह्मण्यम यांच्या पत्नी झाल्या आणि त्यांच्या बहुतेक महत्त्वाच्या चित्रपटांत दिसल्या.

पहिल्या यशानंतर त्यांनी दुसऱ्यांच्या भांडवलावर दिग्दर्शन करण्यापेक्षा स्वतः निर्मिती करण्याचा मार्ग घेतला. मद्रास युनायटेड आर्टिस्ट्स कॉर्पोरेशन ही त्यांची निर्मितीसंस्था. तिच्यातर्फे १९३६ मध्ये आलेल्या ‘भक्त कुचेला’मध्ये कर्नाटक संगीतातील वाग्गेयकार पापनाशम शिवन यांनी सुदाम्याची भूमिका केली, तर एस. डी. सुब्बुलक्ष्मी यांनी कृष्ण आणि सुदाम्याची पत्नी अशा दोन भूमिका केल्या. पौराणिक कथा, भरपूर गाणी आणि ओळखीचे चेहरे हे तेव्हाचे यशाचे ठरलेले गणित होते. सुब्रह्मण्यम यांना ते चांगले जमत होते. पुढच्याच वर्षी त्यांनी ते बाजूला ठेवले.

‘बालयोगिनी’ आणि कुंभकोणमचा बहिष्कार

१९३७ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘बालयोगिनी’ची कथा सुब्रह्मण्यम यांनी स्वतः लिहिली होती. कर्जापायी देशोधडीला लागलेल्या ब्राह्मण घरातील एक विधवा आणि तिच्यासोबतची लहान मुलगी श्रीमंत नातलगाच्या दारात जातात. तेथून त्यांना हाकलून दिले जाते. आसरा देतो तो त्या घरचाच खालच्या मानल्या गेलेल्या जातीचा नोकर. पुढे त्याच्या पोरक्या मुलांना ही विधवा आपली म्हणून सांभाळते आणि अग्रहार खवळतो. मोठ्यांना प्रश्न विचारणाऱ्या मुलीची भूमिका बेबी सरोजा हिने केली. ती सुब्रह्मण्यम यांच्या बंधूंची कन्या. ती इतकी लोकप्रिय झाली की तमिळ घरांत मुलींची नावे सरोजा ठेवण्याची लाट आल्याचे त्या पिढीतील लोक सांगत.

कथेतील विधवा पडद्यावर उभी करताना सुब्रह्मण्यम यांनी एक निर्णय घेतला. सोवळ्या विधवेच्या भूमिकेसाठी त्यांनी व्यावसायिक नटी न घेता एका ब्राह्मण विधवेलाच घेतले. चित्रपटात काम करणे हेच ज्या काळी कुलीन घरातील स्त्रीस निषिद्ध होते, त्या काळी विधवेने कॅमेऱ्यासमोर उभे राहणे हा सनातनी समाजाला अक्षम्य अपराध वाटला. तंजावर जिल्ह्यातील ब्राह्मणांच्या एका गटाने कुंभकोणम येथे सभा भरविली आणि सुब्रह्मण्यम यांना जातिबहिष्कृत ठरविले.

या निर्णयाचे गांभीर्य आज सहज लक्षात येणार नाही. मद्रासमध्ये राहणाऱ्या, उत्पन्नाचे स्वतंत्र साधन असलेल्या माणसाला गावच्या सभेने वाळीत टाकले तर त्याचे काय बिघडले, असे वाटू शकते. परंतु लग्नकार्ये, श्राद्धपक्ष, पुरोहित, सोयरीक हे सारे व्यवहार या जातिव्यवस्थेतून होत असत आणि बहिष्काराची झळ माणसापुरती न राहता त्याच्या भाऊबंदांना आणि मुलाबाळांना लागे. ज्यांच्या घरी ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या येत-जात होती, त्या शेजारच्याच गावांनी हा ठराव केला होता.

सुब्रह्मण्यम यांनी माघार घेतली नाही. त्यांचे उत्तर पुढील चित्रपटांतून आले.

त्याच १९३७ मध्ये पुण्यात ‘प्रभात’ने ‘कुंकू’ पडद्यावर आणला होता. वृद्धाशी लग्न लावून दिलेली तरुणी ते लग्न मान्य करीत नाही, हे त्याचे कथासूत्र. दोन्हीकडे स्त्रीचे घरातील स्थान हाच विषय होता. भेद असा की, ‘कुंकू’ घराच्या उंबऱ्याआत घडतो, ‘बालयोगिनी’तील स्त्री मात्र उंबरा ओलांडून दुसऱ्या जातीच्या घरात जाते. कलात्मक सफाईत ‘प्रभात’चे चित्रपट सरस होते यात शंका नाही. ‘प्रभात’पाशी स्वतःचा सुसज्ज स्टुडिओ आणि वर्षानुवर्षे एकत्र काम केलेले कसबी लोक होते. सुब्रह्मण्यम यांची मातृसंस्थाच अद्याप घडत होती, आणि त्यांच्या चित्रपटांत भाषणाचा सूर पुष्कळदा कथेवर चढतो. पण जातीच्या प्रश्नाला इतक्या थेटपणे हात घालणारा चित्रपट त्या वर्षी दक्षिणेत दुसरा आढळत नाही.

१९३८ मधील ‘सेवासदनम्’ प्रेमचंद यांच्या कादंबरीवर आधारलेला होता. विजोड विवाह, नवऱ्याने घराबाहेर काढलेली तरुणी, तिचे वेश्यावस्तीकडे वळणे आणि नंतरचे आश्रमजीवन अशी ही कथा. नायिकेच्या भूमिकेत एम. एस. सुब्बुलक्ष्मी प्रथमच पडद्यावर आल्या. तोवर मैफलींत नाव झालेल्या या गायिकेला चित्रपटात आणण्याचे श्रेय सुब्रह्मण्यम यांच्याकडे जाते. वयस्क पतीची भूमिका रेल्वेतील अधिकारी आणि हौशी रंगभूमीवरील नामांकित नट एफ. जी. नटेश अय्यर यांनी केली. नामवंत गायिकेने वेश्यावस्तीत ढकलल्या गेलेल्या स्त्रीची भूमिका स्वीकारावी आणि प्रेक्षकांनी ती उचलून धरावी, ही ‘बालयोगिनी’नंतर वर्षभरातच घडलेली गोष्ट आहे.

‘त्यागभूमी’

सुब्रह्मण्यम यांच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे मे १९३९ मध्ये प्रदर्शित झालेला ‘त्यागभूमी’. कथा कल्की कृष्णमूर्ती यांची. ‘आनंद विकटन’ साप्ताहिकात ती क्रमशः प्रसिद्ध झाली आणि प्रकरणांसोबत चित्रकाराच्या रेखाटनांऐवजी चित्रपटातील छायाचित्रे छापली गेली. वाचक कथा वाचत असतानाच पात्रांचे चेहरे ओळखू लागले. साप्ताहिकाचे मालक एस. एस. वासन हेच चित्रपटाचे वितरक. छापील मजकूर आणि पडदा यांनी एकमेकांचा खप वाढवावा, ही युक्ती तमिळ व्यवसायाने पुढे अनेकदा वापरली.

कथेतील शंभू शास्त्री हे खेड्यातील पुजारी. वादळात निराश्रित झालेल्या अस्पृश्यांना ते आसरा देतात आणि गाव त्यांना वाळीत टाकते. त्यांची मुलगी सावित्री हिचे लग्न कलकत्त्यात राहणाऱ्या, विलायती थाटाच्या तरुणाशी होते; तो तिचा छळ करतो. माहेरी परतलेल्या सावित्रीला वडील सापडत नाहीत. नवजात मुलीला झोपलेल्या वडिलांपाशी ठेवून ती मुंबईला जाते आणि काही वर्षांनी उमा राणी या नावाने श्रीमंत होऊन परत येते. आता नवऱ्याला ती हवी असते आणि तो वैवाहिक हक्कांसाठी न्यायालयात जातो. सावित्री नांदायला जाण्यास नकार देते. नवऱ्यालाच पोटगी देण्याची तयारी दाखविते. शेवटी पात्रे स्वातंत्र्यलढ्यात उतरतात आणि तुरुंगात जातात. शंभू शास्त्रींच्या भूमिकेत पापनाशम शिवन होते, सावित्रीच्या भूमिकेत एस. डी. सुब्बुलक्ष्मी, नातीच्या भूमिकेत बेबी सरोजा. मोर्चाच्या दृश्यामागे डी. के. पट्टम्माळ यांचा आवाज होता.

अस्पृश्यांना थारा दिला म्हणून गावाने वाळीत टाकलेला ब्राह्मण पुजारी ही कल्पना कल्कींची. पण ती पडद्यावर आणणारा दिग्दर्शक दोनच वर्षांपूर्वी स्वतः या अनुभवातून गेला होता. शंभू शास्त्रींच्या वाट्याला आलेले गावाचे पाठ फिरवणे चित्रपटात आरडाओरडा न करता, दारे लागत जाण्याच्या साध्या क्रमाने येते. सुब्रह्मण्यम यांच्या चित्रपटांत असा संयम क्वचितच आढळतो.

काळही अनुकूल होता. महाराष्ट्रात नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला होता. त्रावणकोर संस्थानाने १९३६ मध्ये मंदिरप्रवेशाचा जाहीरनामा काढला. मद्रास प्रांतात १९३७ पासून राजगोपालाचारी यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. ‘त्यागभूमी’ प्रदर्शित झाल्यानंतर सुमारे सात आठवड्यांनी, ८ जुलै १९३९ रोजी, ए. वैद्यनाथ अय्यर यांच्या पुढाकाराने दलितांनी मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात प्रवेश केला. चित्रपटातील प्रश्न त्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होता.

परिस्थिती पालटण्यास वेळ लागला नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले, भारतीयांना न विचारता देश युद्धात ओढला गेला म्हणून काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि प्रांताची सत्ता गव्हर्नरकडे गेली. जो चित्रपट काँग्रेसच्या राजवटीत निर्वेधपणे दाखविला जात होता, त्याच्यावर १९४० मध्ये मद्रास सरकारने बंदी घातली. बंदीचा हुकूम अंमलात येण्यापूर्वी जो अवधी हाती होता, त्यात सुब्रह्मण्यम आणि वासन यांनी मद्रासच्या गेइटी चित्रपटगृहाचे दरवाजे सर्वांना उघडे केले आणि विनामूल्य खेळ एकापाठोपाठ एक सुरू ठेवले. रघुपती वेंकय्या यांनी उभारलेले हे थिएटर शहरातील भारतीय मालकीचे पहिले चित्रपटगृह होते. गर्दी आवरेना तेव्हा पोलिसांनी लाठीमार केला. ब्रिटिश राजवटीत बंदी आलेल्या भारतीय चित्रपटांच्या इतिहासात हा प्रसंग आवर्जून सांगितला जातो.

बंदीचा आर्थिक फटका निर्मात्याला बसला. चालू असलेला चित्रपट अचानक थांबला की वितरकांचे हप्ते थांबतात, थिएटरांचे करार अडतात आणि पुढच्या चित्रपटासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र चालूच राहते. सुब्रह्मण्यम यांच्या डोक्यावर त्या वेळी स्टुडिओचा भारही होता.

स्टुडिओ

मुंबई-कलकत्त्याला जाऊन चित्रपट काढण्याची पद्धत किती खर्चिक आणि गैरसोयीची आहे, हे सुब्रह्मण्यम यांनी सुरुवातीपासून पाहिले होते. निर्मात्यांनी एकत्र येऊन मद्रासमध्येच सामायिक स्टुडिओ चालवावा, या कल्पनेतून १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी मोशन पिक्चर प्रोड्यूसर्स कंबाइन ही संस्था काढली. माउंट रोडवरील बागबंगल्याच्या आवारात तिचा स्टुडिओ उभा राहिला. नावातील ‘कंबाइन’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मुंबई-पुण्याकडील मोठे स्टुडिओ एका कंपनीच्या चित्रपटांसाठी असत. येथे अनेक निर्मात्यांनी एकच मांडव, एकच ध्वनियंत्रणा आणि एकच प्रयोगशाळा वापरावी असा विचार होता. स्वतःचा स्टुडिओ बांधण्याइतके भांडवल ज्यांच्याकडे नाही, अशा छोट्या निर्मात्याला यात जागा होती.

ही कल्पना टिकली नाही. स्टुडिओला आग लागून मोठे नुकसान झाले. नायट्रेटवर आधारलेली त्या काळची फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असे आणि भारतातील अनेक स्टुडिओंच्या इतिहासात अशा आगी आहेत. सुब्रह्मण्यम यांच्या बाबतीत आग, बंदी आणि कर्ज ही तिन्ही संकटे जवळजवळ एकाच वेळी आली. स्टुडिओ लिलावात निघाला.

लिलावात बोली लावणारे होते एस. एस. वासन. तेही तंजावर जिल्ह्यातलेच, तिरुतुरैपूंडीचे. ‘त्यागभूमी’चे वितरक आणि बंदीच्या दिवसांत खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले सहकारी. स्टुडिओची किंमत ८६,४२७ रुपये ११ आणे ९ पै इतकी पडल्याचे तमिळ चित्रपटसृष्टीत सांगितले जाते. १९४० च्या सुमारास वासन यांनी त्या जागेवर जेमिनी स्टुडिओ सुरू केला, आणि ‘मदनकामराजन’ हा त्याचा पहिला चित्रपट १९४१ मध्ये आला. पुढे १९४८ च्या ‘चंद्रलेखा’वर वासन यांनी सुमारे ३० लाख रुपये खर्च केले, त्याची हिंदी आवृत्ती देशभर दाखविली आणि मद्रासचा चित्रपट मुंबईच्या बाजारात चालतो हे सिद्ध केले. महाराष्ट्रातील जुन्या प्रेक्षकांना ‘चंद्रलेखा’तील प्रचंड नगाऱ्यांवरचे नृत्य आणि पडद्यावर बिगूल वाजविणाऱ्या दोन मुलांचे जेमिनीचे बोधचिन्ह आठवत असेल.

वासन यांनी सहकाऱ्याच्या अडचणीचा फायदा घेतला, असा निष्कर्ष काढण्यास आधार नाही. लिलाव उघड होता आणि जळालेला स्टुडिओ विकत घेणे हे धाडसच होते. दोघांच्या वृत्तीत मात्र मूलभूत फरक होता. वासन यांना जाहिरात, वितरण आणि हिशेब यांची पक्की जाण होती. स्टुडिओ म्हणजे एका मालकाच्या हुकमतीखाली चालणारा कारखाना, असे त्यांचे गणित होते. सुब्रह्मण्यम यांना स्टुडिओ ही व्यवसायातील सर्वांची सोय वाटत होती. तमिळ व्यवसायाने त्या वेळी वासन यांचे गणित स्वीकारले. सामायिक स्टुडिओची कल्पना पुढे निराळ्या रूपात परतली : १९५० च्या दशकापासून मद्रासचे मोठे स्टुडिओ स्वतःचे चित्रपट काढण्याबरोबरच आपले मांडव इतर निर्मात्यांना भाड्याने देऊ लागले.

संघटना आणि उत्तरकाल

दक्षिणेतील निर्माते, वितरक आणि प्रदर्शक यांची संघटना असलेल्या साउथ इंडियन फिल्म चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना १९३९ मध्ये झाली. तिच्या संस्थापकांत सुब्रह्मण्यम होते. कच्च्या फिल्मचा पुरवठा, करमणूक कर, सेन्सॉरच्या हरकती अशा बाबतीत सरकारशी एकेकट्याने भांडण्याऐवजी व्यवसायाने एकत्र बोलावे, हा तिचा हेतू होता. युद्धकाळात ही गरज तीव्र झाली. परदेशातून येणारी फिल्म तुटली, सरकारने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांपर्यंत मर्यादित केली आणि फिल्मसाठी परवाने आले. परवाना हवा असेल तर युद्धप्रयत्नाला साह्यभूत चित्रपट काढावा, असा दबाव निर्मात्यांवर होता. सुब्रह्मण्यम यांचा १९४५ मधील ‘मानसंरक्षणम्’ याच वर्गातला. ज्यांच्या चित्रपटावर पाच वर्षांपूर्वी सरकारने बंदी घातली होती, त्यांनी सरकारच्या युद्धाला पूरक चित्रपट काढावा, यात विसंगती दिसते. पण फिल्मच मिळणार नसेल तर स्टुडिओतील कामगार, नट आणि वादक यांची चूल कशी पेटणार, हाही प्रश्न त्यांच्यासमोर होता.

युद्धाच्या आरंभीच्या वर्षांत त्यांचे काम थांबलेले नव्हते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या भक्ताची कथा सांगणारा ‘भक्त चेता’ १९४० मध्ये आला. कुंभकोणमच्या बहिष्काराला दिलेले उत्तर म्हणून या चित्रपटाकडे पाहिले जाते. चोखोबांची कथा ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी प्रेक्षकाला तिचा आशय वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. ‘कच देवयानी’ने (१९४१) टी. आर. राजकुमारी ही नवी नायिका तमिळ पडद्याला दिली; त्या पुढे ‘चंद्रलेखा’च्या नायिका झाल्या. त्याच वर्षीचा ‘प्रल्हादा’ हा मल्याळम बोलपटांच्या पहिल्या मोजक्या चित्रपटांपैकी एक.

स्वातंत्र्यानंतर त्यांचे चित्रपट विरळ होत गेले. ‘गोकुलदासी’ (१९४८), ‘गीत गांधी’ (१९४९) आणि दशकभरानंतर ‘पांडित्तेवन’ (१९५९) यांपैकी कोणालाही ‘त्यागभूमी’सारखा प्रतिसाद मिळाला नाही. याला एक कारण काळाचेही आहे. १९५० च्या सुमारास तमिळ पडद्यावर द्रविड चळवळीतील लेखकांचे धारदार संवाद आले. अग्रहारातील सुधारकाने अग्रहाराला केलेला उपदेश नव्या प्रेक्षकाला सौम्य वाटू लागला. तो प्रेक्षक अग्रहाराच्या बाहेरचा होता आणि त्याला स्वतःची भाषा मिळाली होती. सुब्रह्मण्यम यांनी ज्या प्रश्नाला तोंड फोडले, त्याची चर्चा त्यांच्या हातातून निसटून इतरांकडे गेली, असे म्हणता येईल.

संस्था उभारण्याचे काम मात्र सुरूच राहिले. १९४२ मध्ये त्यांनी मद्रासमध्ये ‘नृत्योदय’ ही नृत्यशाळा स्थापन केली. भरतनाट्यम देवदासींच्या परंपरेतून बाहेर येऊन शहरी मध्यमवर्गीय घरांत शिकले जाऊ लागले होते, ते हे दिवस. दक्षिण भारतीय चित्रपट कलावंतांची संघटना १९५२ मध्ये स्थापन झाली, तिच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता. तमिळमध्ये ‘नडिगर संगम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संघटनेचे नेतृत्व पुढे अनेक प्रसिद्ध नटांनी केले. पडद्यामागील निर्मात्याने नटांची संघटना उभारावी, ही तशी विरळाच गोष्ट. मालक आणि वेतनदार यांच्या संघटना सहसा एकाच हातून निघत नाहीत.

त्यांच्या कुटुंबातील पुढच्या पिढ्याही कलाक्षेत्रात राहिल्या. कन्या पद्मा सुब्रह्मण्यम या भरतनाट्यमच्या विख्यात नर्तिका आणि नाट्यशास्त्रातील करणांच्या अभ्यासक. चिरंजीव एस. कृष्णस्वामी हे माहितीपट-निर्माते; अमेरिकन अभ्यासक एरिक बार्नो यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला ‘इंडियन फिल्म’ हा १९६३ मधील ग्रंथ भारतीय चित्रपटाच्या इतिहासाचे प्रारंभीचे प्रमाणभूत साधन मानला जातो. संगीतकार अनिरुद्ध रविचंदर हे सुब्रह्मण्यम यांचे पणतू.

सुब्रह्मण्यम यांचे निधन ७ एप्रिल १९७१ रोजी झाले. त्यांनी उभारलेल्या आणि लिलावात गमावलेल्या स्टुडिओच्या जागेजवळ १९७३ मध्ये शहरातील पहिला उड्डाणपूल झाला. त्याचे अधिकृत नाव अण्णा उड्डाणपूल. लोक त्याला आजही जेमिनी उड्डाणपूल म्हणतात. स्टुडिओ कधीच बंद पडला असला तरी पत्ता सांगताना ‘जेमिनी’ हा शब्द पुरतो.

‘त्यागभूमी’ची एक प्रत जतन होऊन राहिली आहे ती पुण्यात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात. ज्या ‘प्रभात’ने १९३४ मध्ये तमिळ नटांना घेऊन ‘सीता कल्याणम्’ काढला होता, तिचा पुण्यातील जुना स्टुडिओही याच परिसरात आहे.